आवडत्या अल्बमांची क्रमवारी: आधी नियम, मग ऐकणं, शेवटी आकडे

कोल्हापुरात गाण्यावर वाद घालायला माणूस शोधावा लागत नाही. एकाच घरात आजोबा देवल क्लबच्या बैठकांत मुरलेले, काका लावणीचे आणि जुन्या मराठी चित्रपटांचे, वहिनी गझलेच्या, आणि कॉलेजातला मुलगा कानात हेडफोन घालून रॅप ऐकणारा. अशा आठ-दहा जणांनी आवडते अल्बम एकमेकांना ऐकवून सगळ्यांची मिळून एक यादी लावायचं ठरवलं, की दुसऱ्याच बैठकीत बिनसतं. बिनसण्याचं कारण बहुधा आवड नसते. एकानं 'अल्बम' म्हणजे कॅसेट धरलेली असते, दुसऱ्यानं सिनेमातली सगळी गाणी. एकानं मोबाइलवर दोन गाणी ऐकून मत दिलेलं असतं, दुसऱ्यानं तोच अल्बम तीस वर्षं ऐकलेला असतो. नियम पक्के नसले की आवडीचा वाद कधी सुरूच होत नाही, सगळा वेळ नियमांच्या वादात जातो.

खालची पद्धत आठ ते बारा जणांच्या गटासाठी आहे. माणसं कमी असली तर आकडेमोड सोडून नुसतं ऐका, तेच बरं. जास्त असली तर दोन गट करा.

अल्बम कशाला म्हणायचं

हा शब्द मुळात वहीसारख्या बांधणीचा आहे. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावायची. त्यामुळे मोठी रचना पाच-सहा तबकड्यांवर विभागून, पाकिटांच्या जाड वहीत घालून विकत. त्या वहीला अल्बम म्हणत. 1948 साली 33⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी, म्हणजे एलपी, आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली, आणि 'एका बैठकीत ऐकायचा क्रमवार ऐवज' हा अर्थ रुळला. कॅसेटनं तो तासाभराचा केला, सीडीनं 74 मिनिटांचा.

ही मापं लक्षात ठेवायची, कारण संगीत मापाप्रमाणे कापलं गेलंय. जुन्या शास्त्रीय एलपीवर बहुधा एका बाजूला एक राग असतो. किशोरीताई आमोणकरांच्या गाजलेल्या एलपीवर एका बाजूला भूप आहे, दुसऱ्या बाजूला बागेश्री. 'सीडीवरच्या रागाइतका विस्तार नाही' म्हणून अशा एलपीला खाली ढकलणं म्हणजे तबकडीचा दोष गायकावर टाकणं. केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो', 1977 मध्ये व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेली. तीही साडेतीन मिनिटांचीच आहे आणि त्या साडेतीन मिनिटांत काहीही राहून गेल्यासारखं वाटत नाही.

गटासाठी व्याख्या अशी करा: एकत्र प्रसिद्ध झालेलं, क्रम ठरलेलं, किमान 25 मिनिटांचं ध्वनिमुद्रण. याला एकच अपवाद ठेवा. 78 च्या जमान्यातल्या गायकांसाठी एकाच नाटकातल्या किंवा साधारण एकाच काळातल्या आठ बाजू मिळून एक अल्बम धरा. आठ बाजूंचे साधारण 25 मिनिटं होतात, म्हणजे बाकीच्यांशी मेळ बसतो. बालगंधर्व यादीत यायचे तर हाच मार्ग आहे. नंतर निघालेली 'निवडक गाणी' छापाची संकलनं फक्त या अपवादापुरती चालतील, एरवी बाद करा. संकलनाला सवलत दिली की कुठल्याही गायकाची वीस उत्तम गाणी एकीकडे आणि दुसऱ्याचा एकसंध अल्बम दुसरीकडे अशी विषम कुस्ती लागते.

वाद कुठे होतात ते आधीच माहीत आहे, म्हणून निवाडेही आधीच लिहून ठेवा. 'गीत रामायण' 1955–56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक अशा 56 गाण्यांत आलं. ते मुळात रेडिओसाठी झालं, तेही अनेक गायकांच्या आवाजांत. नंतर सुधीर फडक्यांच्या आवाजातल्या तबकड्या आल्या. बाबूजींचा जन्म कोल्हापूरचा, त्यामुळे आपल्याकडे हा विषय निघणारच. आमचा निवाडा असा: जी तबकडी किंवा जो संच एकत्र विकला गेला तोच अल्बम, आणि आवाज कुणाचा हे नावासोबत लिहायचं. 'कट्यार काळजात घुसली'चंही तसंच. 1967 च्या नाटकाचं जितेंद्र अभिषेकींचं संगीत हा एक अल्बम आणि 2015 च्या चित्रपटाचा, नव्या गाण्यांसह, दुसरा. दोन्ही आपापल्या दशकात बसतील आणि एकमेकांची मतं खाणार नाहीत.

एक गोष्ट मात्र कुठल्याही नियमात बसत नाही. शाहू महाराजांच्या दरबारातले उस्ताद अल्लादिया खाँ, ज्यांच्यामुळे जयपूर-अत्रौली गायकीचं नाव कोल्हापूरशी जोडलं गेलं, त्यांच्या गाण्याची तबकडीच नाही. यादीच्या पहिल्या पानावर 'फक्त ध्वनिमुद्रित' असं ठळक लिहा. नाहीतर ही गावातल्या संगीताची क्रमवारी आहे असा गैरसमज होतो.

वर्ष ठरवताना

मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये दिसणारं वर्ष पुष्कळदा डिजिटल आवृत्तीचं असतं. 1970 च्या दशकातला अल्बम 2000 नंतरचा म्हणून दिसतो आणि भलत्याच दशकाच्या खणात जातो. वर्ष कव्हरवरून किंवा कॅसेटच्या आतल्या कागदावरून घ्या. वर्तुळातलं 'पी' अक्षर ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्याचं वर्ष सांगतं, वर्तुळातलं 'सी' छापील मजकुराचं आणि चित्राचं. दोन्ही वेगळी असली तर 'पी' धरा. पुनर्मुद्रणावर 'पी'ची दोन वर्षं असली तर जुनं. 78 च्या संचांसाठी संकलनाचं वर्ष न धरता मूळ तबकड्यांचा काळ धरा.

खण सात करा: 1950 पूर्वीचं, 1950–69, मग 1970, 1980, 1990 आणि 2000 ची दशकं, आणि 2010 पासून पुढचं. 1950 आणि 60 ची दशकं एकत्र करायचं कारण आपल्याकडे 60 च्या दशकातही 78 च्या तबकड्या निघत होत्या. पूर्ण लांबीचे अल्बम त्या काळात तुलनेनं कमी सापडतात.

नावं सुचवणं

प्रत्येक खणासाठी प्रत्येकानं दोनच अल्बम सुचवायचे. त्यातला एक आपल्या नेहमीच्या प्रकाराबाहेरचा असलाच पाहिजे. ही अट सुरुवातीला जाचक वाटते, पण तिच्याशिवाय काका आयुष्यभर लावणीच सुचवतील आणि यादी म्हणजे हजेरीपट होईल. एका खणात एका कलाकाराचा एकच अल्बम. दोघांनी एकच सुचवला तर नंतर सुचवणाऱ्यानं बदलायचा.

प्रकारासाठी एक मुख्य खूण आणि हवी तर एक दुय्यम खूण ठेवा: शास्त्रीय गायन, वादन, नाट्यसंगीत, भावगीत, भक्तिगीत, लोकसंगीत आणि लावणी, मराठी चित्रपट, हिंदी चित्रपट, गझल, पॉप आणि रॅप, पाश्चात्त्य, कन्नड व इतर भाषा. यापेक्षा बारीक खुणा करू नका. या खुणा शोधण्यासाठी आहेत, त्यांवर गुण ठरत नाहीत.

सुचवताना सोबत पाच-सात ओळींची टीप द्या. 'लै भारी' एवढ्यावर कुणी चाळीस मिनिटं काढत नाही. टीप अशी असावी:

'जैत रे जैत, 1977. संगीत हृदयनाथ मंगेशकर, गीतं ना. धों. महानोर. मुख्य खूण मराठी चित्रपट, दुय्यम लोकसंगीत. गाणी छोटी आहेत आणि एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून सलग ऐका, एकेक उचलू नका. पहिल्यांदा ऐकताना ढोल आणि समूहाचे आवाज यांच्याकडे लक्ष द्या, दुसऱ्यांदा शब्दांकडे. चित्रपट पाहिलेला नसला तरी अडत नाही.'

कोणती आवृत्ती ऐकायची हेही टिपेत हवंच. कॅसेटच्या जमान्यात गाजलेली गाणी दुसऱ्याच गायकांकडून गाऊन घेतलेली 'व्हर्जन' भरपूर निघाली. अ‍ॅपवर तीही मूळ नावानंच सापडतात. आवृत्तीचा फरक परदेशी अल्बमातही पडतो. माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' (1959) ची पहिली बाजू मूळ तबकड्यांवर किंचित चढ्या वेगानं भरली गेली होती, ती 1990 च्या दशकातल्या आवृत्त्यांत दुरुस्त झाली. दोघांनी दोन आवृत्त्या ऐकल्या तर त्यांनी एकच गोष्ट ऐकलेली नसते.

ऐकणं

खरं काम इथं आहे, बाकी सगळी कारकुनी.

आधी वेळेचा हिशेब. एका खणात आठ जणांचे सोळा अल्बम, सरासरी 42 मिनिटं धरली तर 672 मिनिटं. जो अल्बम पूर्वी कधीच ऐकलेला नाही तो किमान तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा ऐकायचा, कारण ओळखीचं गाणं अनोळखीवर नेहमी मात करतं आणि त्यात गुणवत्तेचा संबंध नसतो. निम्मे अल्बम नवे धरले तर आणखी 336 मिनिटं. एकूण 1008 मिनिटं सहा आठवड्यांत, म्हणजे आठवड्याला पावणेतीन-तीन तास. सात खणांना 42 आठवडे लागतात. उरलेले दहा आठवडे गणपती, दिवाळी आणि परीक्षांना सोडा. गणपतीत बैठक ठेवलीत तर माणसं मंडपात असतात आणि घरातही बाहेरचाच आवाज ऐकू येतो.

दर रविवारी दोन अल्बम एकत्र ऐका, बाकी घरी. शास्त्रीय अल्बमांची वेळ सांभाळा. अहिर भैरव सकाळी साडेसातला लावा, बागेश्री रात्री जेवणानंतर. रागाचा समय मानणाऱ्याला भर दुपारी बागेश्री ऐकवून मत मागणं अन्याय आहे. आणि मिसळ खायला जायची असेल तर ऐकून झाल्यावर. कट वाढलेल्या ताटापुढं विलंबित ख्यालाला कुणी न्याय देत नाही.

वाजवताना शफल बंद, एक गाणं दुसऱ्यात विरवणारा क्रॉसफेड बंद, इक्वलायझर बंद, आणि गाण्यांच्या मधली फट न पाडणारी 'गॅपलेस' सोय चालू. ही बारीकसारीक वाटणारी बटणं निकाल फिरवतात. 'कॉल ऑफ द व्हॅली'त संतूर, बासरी आणि गिटार पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस रागांच्या क्रमानं उभा करतात. शफल केलं की तो दिवसच मोडतो. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' (1973) मध्ये गाणी एकमेकांत मिसळत जातात, मध्ये अर्ध्या सेकंदाची शांतता घुसली की दचकायला होतं. एलपीच्या काळातल्या अल्बमात पहिली बाजू कुठं संपते ते आधी बघून ठेवा आणि तिथं दोन मिनिटं थांबा. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं शेवटासाठीच निवडलेलं असतं.

आवाजाची पातळी ही सगळ्यात न दिसणारी लबाडी. तेच संगीत किंचित मोठ्यानं वाजलं तर कानाला 'जास्त चांगलं' वाटतं, मोठं वाटत नाही. 1990 नंतरचे पुष्कळ अल्बम मुळातच चढ्या पातळीवर भरलेले आहेत. बटण एकाच जागी ठेवून जुनं-नवं लावलं तर जुनं दरवेळी हरतं. उपाय दोन. अ‍ॅपमधली सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी 'व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन'ची सोय चालू करा, आणि ती गाणंनिहाय नको, अल्बमनिहाय हवी. गाणंनिहाय ठेवली तर मुद्दाम हळू ठेवलेलं गाणंही बाकीच्यांइतकं फुगतं. तबकडी आणि कॅसेटसाठी मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप घ्या, ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवा आणि भरल्या भागात सरासरी 72 ते 75 डेसिबलच्या आसपास आणा. मोबाइलचा आकडा अचूक नसेल, पण सगळे अल्बम त्याच मोबाइलनं मोजले तर तुलनेपुरतं पुरतं.

स्पीकर दोन हवेत. ते आणि ऐकणारा मिळून समभुज त्रिकोण व्हावा, बाजू दोन मीटरच्या आसपास. स्पीकर कोपऱ्यात चिकटवले तर खर्ज फुगतो. फरशीच्या उघड्या खोलीत आवाज घुमतो आणि शब्द पुसट होतात. सतरंजी अंथरा, पडदे ओढा, फरक लगेच कळेल. एकट्या ब्लूटूथ स्पीकरवर स्टिरिओ राहत नाही. त्याहून वाईट म्हणजे रंकाळ्याच्या कट्ट्यावर दोघांनी एक इअरफोन वाटून घेणं. 1960 च्या दशकातल्या बऱ्याच स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत गायक एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला आहेत, म्हणजे एकाला नुसता गळा आणि दुसऱ्याला नुसता वाद्यमेळ मिळतो. वाटूनच घ्यायचा असेल तर मोबाइलच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमधून 'मोनो ऑडिओ' चालू करा.

तबकड्या आणि कॅसेट असतील तर

कोल्हापूरचा पावसाळा हा तबकड्यांचा वैरी. ओल आलेल्या भिंतीला लागून ठेवू नका. तबकड्या कायम उभ्या ठेवा. एकावर एक आडव्या रचल्या तर खालच्या वाकतात. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जूनपासून महिन्याला बदला किंवा गरम करून कोरड्या करा.

78 ची तबकडी एलपीच्या सुईनं कधीही वाजवू नका. 78 ची खाच रुंद असते, तिला साधारण तीन मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) रुंदीची सुई लागते. एलपीची सुई एका मिलच्या आत असते, ती खाचेच्या तळाशी घासत जाते. आवाज खरखरीत येतो आणि सुईही खराब होते. दुसरी मोठी चूक स्पिरिटनं पुसण्याची. 78 ची तबकडी लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. तिला डिस्टिल्ड वॉटरनं किंचित ओला केलेला मऊ कपडा, खाचेच्या दिशेनं गोल, आणि लगेच कोरडं पुसणं. लेबलला पाणी लागू देऊ नका. मोनो एलपी आहे की स्टिरिओ हे एचएमव्हीच्या जुन्या क्रमांकावरूनही कळतं: क्रमांकात 'एएलपी' किंवा 'सीएलपी' असलं तर मोनो, 'एएसडी' किंवा 'सीएसडी' असलं तर स्टिरिओ.

कॅसेट लावण्याआधी हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. वर्षानुवर्षं पडून राहिलेली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवून घ्या, म्हणजे घट्ट चिकटलेले फेरे सुटतात. फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट वाजवूच नका. बुरशी डेकमध्ये जाते आणि तिथून पुढच्या कॅसेटला लागते. आवाज अचानक अस्पष्ट झाला असेल तर फितीमागचा छोटा फेल्टचा दाब-पॅड गळून पडलाय का बघा. दुसऱ्या फुटक्या कॅसेटमधला काढून बसवता येतो.

वेग तपासायची सोपी युक्ती म्हणजे पट्टी. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला की सूर बरोबर अर्धा चढतो, काळी चारचं गाणं पांढरी सहाला ऐकू येतं. तेच ध्वनिमुद्रण अ‍ॅपवर लावून हार्मोनियमवर किंवा ट्यूनरवर षड्ज जुळवून बघा. डेकचा पट्टा सैल असेल तर सूर उतरतो आणि लांबलेला षड्ज थरथरतो. असा डेक दुरुस्त होईपर्यंत त्यावर ऐकून मत देऊ नका.

कॅसेटवरून संगणकावर उतरवून घेतलंत तर ते घरात ठेवा, गटात फाइल फिरवू नका. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं राहतो, आणि कवी-संगीतकारांचे हक्क त्याहून वेगळे मोजले जातात. गटात अधिकृत दुवा पाठवा, नाहीतर घरी बोलावून ऐकवा.

क्रम लावणं

दहापैकी गुण देऊ नका. एक जण कशालाही सातच्या खाली जात नाही, दुसरा पाचाच्या वर चढत नाही, आणि बेरजेत उदार माणसाची आवड जिंकते. गुणांऐवजी क्रम मागा.

सोळा अल्बमांचा क्रम डोक्यात लागत नाही. पोस्टकार्डाएवढ्या सोळा चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर एक नाव. दोन चिठ्ठ्या घेऊन वरखाली लावा. तिसरी घेतली की ती लावलेल्या रांगेच्या मधल्या चिठ्ठीशी ताडून बघा. वर असेल तर वरच्या अर्ध्यात, खाली असेल तर खालच्या अर्ध्यात, तिथंही पुन्हा मधलीशी. अशी एकेक चिठ्ठी जागेवर बसवत जा. प्रत्येक जोडी ताडायची म्हटली तर 120 वेळा ठरवावं लागतं, या पद्धतीनं जास्तीत जास्त 49 वेळा. तासाभरात होतं.

ताडताना प्रश्न एकच विचारा: यातला एकच आत्ता अथपासून इतिपर्यंत पुन्हा ऐकायचा असेल तर कुठला? 'श्रेष्ठ कुठला' हा प्रश्न पोवाड्याला आणि ख्यालाला एका तागडीत घालतो आणि मग माणसं आवडीऐवजी प्रतिष्ठेला मत देतात. 'पुन्हा कुठला ऐकशील' याला मात्र प्रत्येकाकडे खरं उत्तर असतं.

शेवटचा अल्बम ऐकल्यावर किमान तीन दिवस जाऊ द्या, मगच चिठ्ठ्या मांडा. नुकतंच ऐकलेलं कानात घोळत असतं आणि आपोआप वर चढतं. त्याच कारणासाठी घरी ऐकायच्या अल्बमांचा क्रम प्रत्येकाला वेगळा द्या. आणि चिठ्ठ्या एकट्यानं लावायच्या, कुणाला न दाखवता. घरातल्या थोरल्यांनी आपला क्रम आधी बोलून दाखवला की धाकटे त्याच्या आसपासच लावतात.

जो अल्बम पूर्ण ऐकला नाही त्याची चिठ्ठी बाजूला. निम्म्यापेक्षा कमी ऐकले असतील तर त्या खणात मत नाही.

बेरीज

प्रत्येकानं ऐकलेल्या अल्बमांची संख्या वेगळी असेल, म्हणून क्रमांकाचे गुण असे काढा: ऐकलेल्या संख्येतून क्रमांक वजा करा, त्याला ऐकलेली संख्या उणे एक यानं भागा, शंभरानं गुणा. सोळा ऐकलेल्याच्या चौथ्या क्रमांकाला 12 भागिले 15, म्हणजे 80 गुण. अकराच ऐकलेल्याच्या चौथ्याला 7 भागिले 10, म्हणजे 70. पहिल्याला नेहमी 100, शेवटच्याला शून्य. ज्यानं अल्बम सुचवला त्याचे त्या अल्बमाचे गुण बेरजेत धरायचे नाहीत.

आता नुसती सरासरी काढली तर फसाल. एखादा अल्बम दोघांनीच ऐकला आणि दोघांनी 95 दिले, तर तो सात जणांच्या सरासरी 80 वाल्याच्या वर जाईल. दोघांच्या मतावर एवढा भरवसा ठेवू नये. म्हणून प्रत्येक अल्बमाला 50 गुणांची तीन काल्पनिक मतं जोडा. पहिल्याचे 190 अधिक 150 म्हणजे 340, भागिले 5, झाले 68. दुसऱ्याचे 560 अधिक 150 म्हणजे 710, भागिले 10, झाले 71. दुसरा वर राहिला. आठ जणांत तीन काल्पनिक मतं, बारा जणांत चार. एक्सेलमध्ये अल्बम आडव्या ओळीत, माणसं उभ्या रकान्यांत, न ऐकलेल्याचा चौकोन रिकामा. तिथं शून्य भरलंत की तो शेवटचा क्रमांक समजला जाईल. ही चूक सर्वाधिक होते आणि निकाल जाहीर झाल्यावरच सापडते.

बरोबरी झाली तर ज्याला पहिले क्रमांक जास्त तो वर. तरीही बरोबरी राहिली तर एकेक बाजू पुन्हा ऐकून हात वर करा. जोड्या-जोड्यांनी मतदान करून निकाल काढायच्या भानगडीत पडू नका. काकांचा क्रम लावणी, गझल, रॅप. वहिनींचा गझल, रॅप, लावणी. मुलाचा रॅप, लावणी, गझल. बघा: दोन विरुद्ध एकनं लावणी गझलेला हरवते, गझल रॅपला हरवते आणि रॅप लावणीला हरवतो. कुणीच खोटं बोललेलं नाही आणि पहिला कुणीच नाही.

कुणी मुद्दाम एखाद्याचा अल्बम तळाला घालतोय असा संशय आला आणि मतदार सात किंवा अधिक असले, तर प्रत्येक अल्बमाचे सर्वात जास्त आणि सर्वात कमी असे एकेक गुण सोडून द्या. पण हा नियम खण सुरू होण्याआधी ठरवा. निकाल बघून नियम बदललात तर पुढच्या रविवारी निम्मी माणसं येणार नाहीत.

सगळ्या दशकांची मिळून

इथं एक मोह टाळायचा. 1970 च्या खणात 71 गुण मिळवलेला आणि 2000 च्या खणात 71 मिळवलेला अल्बम सारखे नाहीत. हे गुण त्या-त्या खणातल्या प्रतिस्पर्ध्यांच्या तुलनेत मिळालेले आहेत. तगड्या खणात 60 मिळवणारा हलक्या खणातल्या 75 पेक्षा जास्त आवडता असू शकतो. म्हणून खणांच्या याद्या शिवून एक करू नका. प्रत्येक खणातले पहिले तीन घ्या, 21 चिठ्ठ्या नव्यानं मांडा, तीच मधल्या चिठ्ठीची पद्धत. जास्तीत जास्त 74 वेळा ठरवावं लागेल, दोन दिवसांत विभागा. त्याआधी ज्या अल्बमांना सहा महिने उलटून गेलेत ते एकदा परत ऐका, म्हणजे पहिल्या खणावर अन्याय होत नाही.

अंतिम यादीत अल्बमापुढे तीन गोष्टी छापा: गुण, किती जणांनी ऐकला, आणि सर्वात वरचा व सर्वात खालचा क्रमांक. ज्याला एकानं पहिला आणि दुसऱ्यानं एकविसावा लावलाय तो सगळ्यांनी दहावा लावलेल्यापेक्षा पुढच्या बैठकीसाठी जास्त कामाचा आहे. पुढच्या वर्षाची सुरुवात तिथूनच करा, आणि त्या दिवशी अल्बम खालच्या क्रमांकवाल्यानं लावायचा आणि वरच्या क्रमांकवाल्यानं तो संपेपर्यंत बोलायचं नाही.

नवा माणूस गटात आला तर त्याला जुनी यादी लगेच दाखवू नका. आधी त्याच्याकडून प्रत्येक खणाचे दोन अल्बम लिहून घ्या, मग यादी हातात द्या.